माजी विद्यार्थिनी आणि महाविद्यालय : एका नोंदवहीची गोष्ट

महाविद्यालयाची इमारत कधी बांधली, ग्रंथालयात ग्रंथ किती, यंदा परीक्षेचा निकाल काय लागला, हे कोणत्याही प्राचार्यांना विचारले असता ते तत्काळ सांगू शकतात. परंतु वीस वर्षांपूर्वी येथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुली आज कोठे आहेत आणि काय करीत आहेत, असे विचारले की बहुधा क्षणभर शांतता पसरते. मग दोन-चार ठळक नावे सांगितली जातात. एक मोठ्या पदावर असते, एक परदेशी गेलेली असते, एकीचे नाव वर्तमानपत्रात येऊन गेलेले असते. उरलेल्या शेकडो जणींविषयी संस्थेपाशी सांगण्यासारखे काही नसते.

ही शांतता वरवर दिसते तितकी निरुपद्रवी नाही. तिचा परिणाम खेड्यातील एखाद्या घराच्या ओसरीवर दिसून येतो. मुलगी बारावी झालेली असते. तिला पुढे शिकावयाचे असते. वडिलांच्या मनात शंका असते, आजीच्या मनात धास्ती असते, आणि शेजारी विचारतात, "एवढे शिकून पुढे काय?" या प्रश्नाचे उत्तर शासकीय परिपत्रकाने देता येत नाही. त्याचे खरे उत्तर म्हणजे तिच्या आधी त्याच वाटेने गेलेली, त्याच पंचक्रोशीतील दुसरी मुलगी. असे उत्तर प्रत्यक्ष अस्तित्वात असते, पण त्याचा पत्ता मात्र कोणापाशी नसतो.

महाविद्यालयाने आपल्या माजी विद्यार्थिनींशी संबंध कसा राखावा, त्यात अध्यापकांच्या व पदवीधरांच्या कर्तृत्वाची वार्ता देण्याघेण्याचे महत्त्व काय, आणि त्यातून पुढच्या मुलींचे काय हित साधते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाव बदलते, गाव बदलते

माजी विद्यार्थ्याचा शोध घेणे तुलनेने सोपे असते. त्याचे नाव तेच राहते आणि पुष्कळदा घरही तेच राहते. मुलीचे तसे नाही. विवाहानंतर तिचे गाव बदलते, आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आणि आपल्याकडील रूढीप्रमाणे कित्येकदा तिचे स्वतःचे नावही बदलते. म्हणजे महाविद्यालयाच्या नोंदवहीत जी मुलगी असते, ती त्या नावाने पुढे जगात कोठेच आढळत नाही. नोंदवहीतील नाव खरे असते आणि ती व्यक्तीही असते, परंतु त्या दोहोंना जोडणारा धागा तुटलेला असतो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या वर्धापनदिनाच्या प्रसिद्धीचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. माजी विद्यार्थिनींना निमंत्रणे पाठवावीत असे ठरले आणि जुन्या प्रवेश-अर्जांवरील पत्ते उतरवून पाकिटे टपालात टाकण्यात आली. पंधरवड्याच्या आत त्यांतील बरीच पाकिटे परत आली. कोणावर "पत्ता अपुरा" असा शेरा होता, कोणावर "गाव सोडून गेले" असा. परंतु एका पाकिटावर मुलीच्या आईने पोस्टमनकडून दोन ओळी लिहून घेतल्या होत्या. त्यांत मुलीचे लग्न झाल्याचे, तिच्या नव्या नावाचे आणि सासरच्या गावाचे टिपण होते. ज्या बाईस स्वतः लिहिता येत नव्हते तिने जे केले, ते आम्हा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना सुचले नव्हते. आपण मुलींना विसरलो, ही चूक संस्थेची होती. आणि जुन्या पत्त्यांवर विसंबून मोकळे झालो, ही चूक या लेखकाचीही होती.

या लहानशा प्रसंगातून एक व्यावहारिक सूत्र हाती लागते. मुलगी कोठे गेली हे माहेर जाणून असते. तेव्हा महाविद्यालयास जर तिचे दुसरे माहेर म्हणवून घ्यावयाचे असेल, तर माहेराप्रमाणे तिची खबरबात ठेवणेही ओघानेच आले.

फिलाडेल्फियाचे उदाहरण

हे काम पद्धतशीरपणे कसे करता येते याचे एक जुने आणि उत्तम उदाहरण अमेरिकेतील आहे. मराठी माणसाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे, म्हणून ते येथे थोड्या विस्ताराने देत आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात १८५० साली केवळ स्त्रियांसाठी एक वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. १८५१ च्या अखेरीस त्याच्या पहिल्या तुकडीतील आठ जणी पदवीधर झाल्या. त्यांच्यापैकी एक अ‍ॅन प्रेस्टन. त्या पुढे तेथेच अध्यापन करू लागल्या आणि १८६६ साली अधिष्ठातापदावर आल्या. म्हणजे संस्थेची पहिली विद्यार्थिनीच संस्थेची धुरा वाहू लागली. १८६७ साली त्या महाविद्यालयाचे नाव 'वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' असे झाले.

स्त्रियांनी वैद्यक शिकावे ही गोष्ट त्या काळी अमेरिकेतही सहजासहजी मान्य होणारी नव्हती. १८६९ च्या नोव्हेंबर महिन्यात या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी शहरातील पेनसिल्व्हेनिया रुग्णालयात प्रात्यक्षिक पाहण्यास गेल्या, तेव्हा तेथील पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडविली व त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले. वर्तमानपत्रांतून या प्रकाराची पुष्कळ चर्चा झाली. स्त्रियांना हे शिक्षण झेपत नाही, झेपले तरी त्या व्यवसाय करीत नाहीत, आणि व्यवसाय केलाच तर त्यांचा संसार मोडतो, असे आक्षेप वारंवार घेतले जात.

या आक्षेपांना उत्तर कसे द्यावे? वादविवादाने ते संपणारे नव्हते. १८७५ साली तेथील पदवीधर स्त्रियांनी आपला माजी विद्यार्थिनी संघ स्थापन केला. त्याची वार्षिक सभा भरे. तीत पदवीधर स्त्रिया आपण हाताळलेल्या रुग्णांविषयी व केलेल्या उपचारांविषयी निबंध वाचीत आणि सभेचा वृत्तांत छापून निघत असे. दूरच्या गावी एकटीने व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरीणबाईस आपल्या मैत्रिणी व गुरू काय करीत आहेत हे त्यातून कळे, आणि तिचे स्वतःचे काम त्यांच्यापर्यंत पोहोचे.

त्या सुमारास रेचल बॉडली या विदुषी महाविद्यालयाच्या अधिष्ठाता होत्या. त्या रसायनशास्त्राच्या अध्यापक होत्या आणि १८७४ साली अधिष्ठातापदी आल्या होत्या. मोजमापाची सवय असलेल्या या बाईंनी १८८१ साली एक साधी गोष्ट केली. हयात असलेल्या २४४ माजी विद्यार्थिनींना त्यांनी प्रश्नावली पाठविली. आपण व्यवसाय करता काय, कोणत्या शाखेत करता, समाजात आपणास कसे वागविले जाते, या शिक्षणाचा आपल्या गृहजीवनावर काय परिणाम झाला, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. १८९ जणींनी उत्तरे पाठविली. त्यांपैकी १६६ जणी प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय करीत होत्या. ज्या विवाहितांनी आपल्या संसाराविषयी लिहिले, त्यांच्यापैकी बहुतेकींनी शिक्षणाचा परिणाम हितकर झाल्याचे कळविले होते. ही सर्व माहिती बॉडलीबाईंनी त्या वर्षीच्या पदवीदान प्रसंगीच्या भाषणात मांडली आणि पुढे ती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. त्या भाषणात बॉडलीबाईंनी विरोधकांशी नुसता शब्दांचा वाद घातला नाही. आपल्या मुली काय करीत आहेत ते त्यांनी मुलींनाच विचारले आणि आलेली उत्तरे मोजून जगापुढे ठेवली. आदल्या तुकड्यांच्या स्त्रियांनी कागदावर लिहून पाठविलेल्या चार ओळी नव्या मुलींच्या बाजूचा पुरावा ठरल्या.

कल्याणची यमुना, फिलाडेल्फियाची आनंदीबाई

या महाविद्यालयाचे नाव त्यापूर्वीच भारतात पोहोचले होते, तेही त्याच्या एका पदवीधर विद्यार्थिनीमुळे. १८६९ साली तेथून पदवी घेतलेल्या डॉ. क्लारा स्वेन १८७० साली बरेली येथे आल्या आणि स्त्रियांवर उपचार करू लागल्या. पुढे तेथे त्यांनी स्त्रियांसाठी रुग्णालय उभारले.

इकडे कल्याणच्या जोशी घराण्यात १८६५ साली जन्मलेली यमुना वयाच्या नवव्या वर्षी विवाह होऊन आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला पुत्र झाला आणि तो अवघ्या काही दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले असते तर मूल वाचले असते, हे शल्य तिच्या मनात राहिले. पती गोपाळराव यांनी तिला शिकविण्याचा ध्यास घेतला होता. त्यांनी अमेरिकेतील मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तेथील एका नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आला. तिने कोणत्याही ओळखीवाचून पत्र लिहिले आणि पुढे आनंदीबाईंना आपल्या घरी आश्रय दिला. १८८३ साली आनंदीबाई एकट्या समुद्र ओलांडून गेल्या. आपल्या देशभगिनींना ज्या वैद्यकीय साहाय्याची गरज आहे, परंतु जे पुरुष वैद्याकडून घेण्यास त्या संकोचतात, ते आपणास द्यावयाचे आहे, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी प्रवेश मागितला. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्या प्रसंगी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियास उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली. परंतु क्षयाने त्यांची प्रकृती पार खालावली होती. त्या १८८६ च्या अखेरीस स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

व्यावहारिक हिशेबाने पाहिले तर ही विद्यार्थिनी महाविद्यालयाच्या खात्यावर 'खर्ची' पडली असेच कोणी म्हटले असते. तिने दवाखाना चालविला नाही, संस्थेस देणगी दिली नाही, तिच्या नावावर कारकीर्द म्हणून दाखविण्यासारखे काही उरले नाही. पण तिच्या महाविद्यालयाने तिला विसरण्याचे नाकारले.

एका स्मरणातून निघालेली वाट

पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिली ती अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी, आणि तीत त्यांनी आपल्या दिवंगत विद्यार्थिनीचे स्मरण केले. त्या ग्रंथाने आणि रमाबाईंच्या व्याख्यानांनी अमेरिकेत सहानुभूती जागी केली. बॉस्टन येथे त्यांच्या कार्याच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्या बळावर रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन ही शाळा उघडली. तो दिवस होता ११ मार्च १८८९, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाचीच तारीख, तीन वर्षांनंतरची.

शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. ११ मार्च १८९३ रोजी, पुन्हा त्याच तारखेस, प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. विवाहानंतर त्यांचेही नाव आनंदीबाई असे झाले आणि पुढे त्या बाया कर्वे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास स्थिरावला, आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. आज ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने सर्वत्र परिचित आहे.

तारखांचा हा मेळ योगायोगाचा असेल. पण घटनांचा क्रम निव्वळ योगायोगाचा नाही. एका महाविद्यालयाने परक्या देशातील मुलीस प्रवेश दिला आणि तिच्या अधिष्ठात्याने तिचे स्मरण ग्रंथात नोंदविले. त्या ग्रंथाने एका शाळेस हातभार लावला. त्या शाळेची विद्यार्थिनी पुढे ज्या घरात गेली, त्या घरातून स्त्रियांचे विद्यापीठ उभे राहिले. या साखळीतील प्रत्येक कडी म्हणजे कोणीतरी कोणाची तरी ठेवलेली आठवण आहे.

फिलाडेल्फियात आनंदीबाईंचे एक छायाचित्र जपून ठेवलेले आहे. त्यात त्यांच्यासमवेत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या दोन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या दिसतात. ते १८८५ सालचे आहे. त्याच महाविद्यालयातून डॉ. गुरुबाई करमरकर या १८९२ साली पदवीधर झाल्या आणि मुंबईस मराठी मिशनच्या वैद्यकीय कार्यात अनेक वर्षे राबल्या. म्हणजे आनंदीबाई गेल्या तरी ती वाट बंद पडली नाही. या महाविद्यालयाने १९७० साली पुरुषांना प्रवेश दिला, त्याचे नाव बदलले, आणि पुढे विलीनीकरणे होऊन ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग झाले. जुने नाव आता नाही. परंतु विद्यार्थिनींची पत्रे, छायाचित्रे आणि नोंदी अभिलेखागारात सुरक्षित आहेत. संस्था बदलली तरी नोंदवही राहिली, आणि नोंदवहीमुळेच आपली आनंदीबाई तेथे आजही सापडते.

अध्यापकांचे कर्तृत्वही लेकींचेच

माजी विद्यार्थिनींशी संबंध राखावयाचा म्हणजे केवळ त्यांचीच माहिती गोळा करावयाची असे नव्हे. त्यांना शिकविणाऱ्यांचे पुढे काय झाले हेही त्यांना कळले पाहिजे. ज्या बाईंनी आपणास इतिहास शिकविला त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्या सरांनी प्रयोगशाळेत हात धरून शिकविले त्यांच्या संशोधनास मान्यता मिळाली, ही वार्ता दूर गावी संसारात रमलेल्या विद्यार्थिनीस समजली की तिला आपल्या पदवीचा नव्याने अभिमान वाटतो. आपण ज्या ठिकाणी शिकलो ते ठिकाण जिवंत आहे, वाढते आहे, ही भावना कोणत्याही देणगी-आवाहनापेक्षा अधिक मोलाची असते.

आपल्याकडे विद्यार्थिनी आणि अध्यापक या दोन भूमिका एकाच आयुष्यात एकत्र आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. डॉ. इरावती कर्वे या पुण्याच्या हुजूरपागेच्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. जर्मनीत पदवी घेऊन आल्यावर त्यांनी महिला विद्यापीठाचे कुलसचिवपद सांभाळले आणि नंतर डेक्कन महाविद्यालयात समाजशास्त्र व मानवशास्त्राचे अध्यापन व संशोधन केले. त्यांच्या 'युगान्त' या ग्रंथास १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या वेळी एखाद्या लहान गावी शिक्षिका असलेल्या त्यांच्या विद्यार्थिनीस केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करावी.

बडोद्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. हंसाबेन मेहता या बडोदा महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. १९१८ साली त्या तेथून पदवीधर झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असताना, जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द न राहता 'सर्व मानव' असा अर्थ यावा, यासाठी त्यांनी केलेला आग्रह मान्य झाला. १९४९ साली बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू म्हणून हंसाबेन आल्या. सहशिक्षण असलेल्या भारतीय विद्यापीठाचे कुलगुरुपद स्त्रीकडे जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. ज्या महाविद्यालयाच्या बाकावर त्या बसल्या होत्या, ते महाविद्यालय ज्या विद्यापीठात सामावले त्याच विद्यापीठाची धुरा त्यांच्या हाती आली.

कर्तृत्व कशास म्हणावे?

येथे एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे वाटते. वरील नावे मोठी आहेत. ती वाचून खेड्यातील एखादी पदवीधर भगिनी म्हणेल, "मी कोठे काय केले? मी कशाला महाविद्यालयास कळवू?" आपल्या बहुतेक माजी विद्यार्थिनी अशा संकोचापोटीच गप्प राहतात. आणि संस्थाही केवळ पदके, पदे व परदेशगमन यांचीच बातमी छापून या संकोचात भर घालतात.

वास्तविक कर्तृत्वाची कसोटी स्थळकाळानुसार पाहिली पाहिजे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाल्यापासून अंगणवाडीच्या कामात असंख्य स्त्रिया शिरल्या आहेत. मुलांची वजने घेणे, गरोदर मातांची नोंद ठेवणे, घरोघर जाऊन समजूत घालणे, हे काम शिक्षणावाचून नीट होत नाही. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या, तेव्हापासून सरपंच व पंच म्हणून कामाला लागलेल्या अनेक भगिनी महाविद्यालयाची पायरी चढलेल्या आहेत. ग्रामसभेचे इतिवृत्त स्वतः वाचून मगच सही करणारी सरपंचबाई, बचतगटाचा हिशेब चोख ठेवणारी गृहिणी, काजूची प्रतवारी शिकून लहानसा उद्योग चालविणारी पदवीधर सून, वाडीवरच्या मुलांना संध्याकाळी ओसरीवर शिकविणारी आई, या सर्वजणींचे काम वार्तापत्रात छापण्याच्या योग्यतेचे आहे. नव्हे, बारावीतल्या मुलीच्या वडिलांना पटेल असे उदाहरण बहुधा यांचेच असते. कुलगुरूंचे नाव वाचून त्यांना आदर वाटेल, पण शेजारच्या गावच्या सुनेचे नाव वाचून त्यांना धीर येईल.

महाविद्यालयांनी काय करावे

या कामास मोठा निधी लागत नाही. थोडी शिस्त आणि सातत्य लागते. पुढील गोष्टी कोणत्याही लहान महाविद्यालयास करता येण्याजोग्या आहेत.

१. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थिनीकडून परीक्षेपूर्वी एक नोंदपत्र भरून घ्यावे. त्यात तिच्या स्वतःच्या पत्त्याबरोबर माहेरच्या एका कायम व्यक्तीचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक असावा. विवाहानंतरच्या नावासाठी एक रकाना कोरा ठेवावा. नोंदवहीत मूळ नाव कधीही खोडू नये. त्याच्या शेजारी नवे नाव लिहावे.

२. जुन्या तुकड्यांचा शोध तुकडीनिहाय घ्यावा. प्रत्येक वर्षाच्या तुकडीतील एक-दोघींवर आपल्या वर्गमैत्रिणींची माहिती मिळविण्याचे काम सोपवावे. कार्यालयातील कारकुनास जी माहिती वर्षभरात मिळत नाही, ती दोन मैत्रिणी एका लग्नसमारंभात मिळवितात. गोव्यातील महाविद्यालयांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १९६२ साली येथे पहिली महाविद्यालये निघाली तेव्हापासून १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. त्या काळातील पदव्या मुंबई विद्यापीठाच्या असल्याने महाविद्यालयाची स्वतःची जुनी हजेरीपुस्तके व वार्षिकांक हाच त्या तुकड्यांच्या शोधाचा जवळचा आधार होय. ती रद्दीत जाऊ देऊ नयेत.

३. वर्षातून दोनदा, न चुकता, चार पानांचे वार्तापत्र काढावे. एक पान अध्यापकांच्या कार्याचे, दोन पाने माजी विद्यार्थिनींच्या वार्तेची, आणि एक पान सध्याच्या विद्यार्थिनींचे. पहिल्याच अंकात देणगीचे आवाहन छापू नये. ज्या लेकीची वीस वर्षे विचारपूस केली नाही, तिला पहिल्याच पत्रात पैसे मागणे शोभत नाही.

४. बॉडलीबाईंप्रमाणे दर पाच वर्षांनी एक छोटी प्रश्नावली पाठवावी. प्रश्न सात-आठच असावेत आणि मातृभाषेत असावेत. शिक्षणाचा उपयोग काय झाला याबरोबरच कोठे अडले, काय शिकावयाचे राहून गेले, हेही विचारावे. तक्रारीचे उत्तर आले तर ते दडवू नये. अभ्यासक्रम व वसतिगृह सुधारण्यास त्याचाच उपयोग अधिक होतो.

५. माहिती छापण्यापूर्वी संबंधित भगिनीची लेखी संमती घ्यावी. पत्ता व दूरध्वनी क्रमांक कधीही छापू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी केंद्राने २०२३ साली कायदा केलेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलींचा विश्वास हेच या कामाचे भांडवल आहे.

६. संघाची रीतसर नोंदणी करावी, हिशेब दरवर्षी सभेपुढे ठेवावा. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने आपल्या मूल्यांकनपद्धतीत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागास स्वतंत्र स्थान दिले, तेव्हा अनेक ठिकाणी घाईघाईने संघ कागदावर स्थापन झाले. केवळ पाहणी-समितीस दाखविण्यासाठी काढलेला संघ समितीच्या मोटारीबरोबरच निघून जातो, हा अनुभव नवा नाही.

शिक्षक व ग्रामस्थ यांचा वाटा

हे काम एकट्या महाविद्यालयाचे नाही. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेतून महाविद्यालयात गेलेल्या मुलींची नावे फळ्यावर, सर्वांना दिसतील अशा ठिकाणी लिहावीत. शाळेच्या वार्षिक समारंभास दूरच्या पाहुण्याऐवजी एखाद्या वर्षी गावातील पदवीधर सुनेस किंवा माहेरवाशिणीस बोलवावे. तिला भाषण करावयास सांगू नये. मुलींनी प्रश्न विचारावेत आणि तिने उत्तरे द्यावीत. वसतिगृहात किती खर्च येतो, बस किती वाजता सुटते, पहिल्या वर्षी इंग्रजी कळले नाही तर काय केले, अशा प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाहीत. पंचायतीने आपल्या वाचनालयात महाविद्यालयांची वार्तापत्रे ठेवावीत. पालकांनी मुलीचा बदललेला पत्ता तिच्या महाविद्यालयास एका पत्राने कळवावा. त्या पाकिटावरच्या आईने पोस्टमनकडून लिहून घेतले, तेवढेच.

आणि माजी विद्यार्थिनींना एवढीच विनंती की, महाविद्यालयाकडून पत्र येण्याची वाट पाहू नये. आपले जुने नाव, पदवीचे वर्ष, आजचे नाव, गाव आणि आपण करीत असलेले काम हे चार ओळींत लिहून पाठवावे. काम लहान आहे असे समजून थांबू नये. १८८१ साली फिलाडेल्फियास ज्या १८९ स्त्रियांनी उत्तरे पाठविली, त्यांच्यापैकी बहुतेकींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु त्यांनी लिहिले, म्हणून त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे राहिले. दोनच वर्षांनी त्या दारातून नऊवारी नेसलेली, अठरा वर्षांची एक मराठी मुलगी आत गेली.

आपल्या गावातील बारावीची मुलगीही आज अशाच एका दारापाशी उभी असेल. तिच्यासाठी आपण चार ओळी लिहाव्यात, आणि आपल्या महाविद्यालयांनी त्या नोंदवहीत जपून ठेवाव्यात, एवढीच अपेक्षा.